घोडं अडलं पाण्यापाशी

रोज बॅगेत किंवा खिशात राहील अशी अडीअडचणीची छोटी डबी करायची ठरवली, तेव्हा वाटलं होतं, एका बैठकीत उरकेल. शिट्टी, टॉर्च, लायटर, जखमेच्या पट्ट्या हे सगळं खरंच पटापट ठरलं. पाण्याने मात्र असा वैताग आणला की तो अजून उतरलेला नाही.

आधी डबी ठरवा, वस्तू नंतर. मी तळहाताएवढी चपटी पत्र्याची डबी घेतली. झाकण दाबून लावावं लागत असेल तर एक वस्तू कमी करायची, एवढाच नियम. काय ठेवायचं आणि काय नाही, याला तो सगळीकडे सांगतात तो तीनचा हिशोब बरा पडतो: हवेशिवाय 3 मिनिटं, कडाक्याच्या हवामानात आडोशाशिवाय 3 तास, पाण्याशिवाय 3 दिवस, अन्नाशिवाय 3 आठवडे. ढोबळ आहे, पण तो लावला की गळ आणि मासेमारीची दोरी आपोआप बाहेर पडते. तयार किटमध्ये ती कशाला कोंबतात, देव जाणे.

आता पाणी. तयार किट उघडा, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या असणारच. पाकिटावर लिहिलेलं असतं, एक लिटरला एक गोळी. (काही गोळ्यांचं प्रमाण वेगळं असतं, वाचून घ्या.) ठीक. पण ते एक लिटर घ्यायचं कशात? ओंजळीत? यावर कुणी अवाक्षर काढत नाही. गोळी दिली की पाण्याचा प्रश्न मिटला, असा सगळ्यांचा समज दिसतो.

घडीची मऊ बाटली डबीत मावेना. साधी झिपची पिशवी भरली तर उभी राहीना. एक लिटर म्हणजे एक किलो, धरली की शिवणीतून ठिबकायला लागली. वंगण नसलेला निरोध हा जुना उपाय. तो मावतो कुठेही, लिटरभर पाणीही धरतो, पण बाहेरून मोज्याचा आधार द्यावा लागतो आणि साचलेल्या उथळ पाण्यातून तो भरता भरत नाही. शेवटी जाड प्लास्टिकची, तळाला घडी असलेली, उभी राहणारी पिशवी मिळाली. घरी मोजून एक लिटर पाणी ओतलं, पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारली आणि घडी करून डबीच्या तळाशी अंथरली.

एवढ्यावर संपलं नाही. साध्या क्लोरीनच्या गोळीला साधारण 30 मिनिटं लागतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी तिला दाद देत नाही. क्लोरीन डायऑक्साइडची गोळी त्यालाही मारते, मात्र 4 तास थांबावं लागतं. तहानेने जीव चाललेला असताना 4 तास! पाणी गार किंवा गढूळ असेल तर आणखी वेळ. म्हणून आधी रुमालातून गाळून घ्यायचं. आयोडीनच्या गोळ्या गरोदर बायकांनी आणि थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी टाळाव्यात. आणि पाण्यात कीटकनाशक किंवा कारखान्याचं रसायन असेल तर यातली कुठलीच गोळी कामाची नाही, उकळणंही नाही.

उकळायचं तर खळखळून 1 मिनिट, 2000 मीटरच्या वर असाल तर 3 मिनिटं. पिशवीत ते कसं करणार? म्हणून आता बॅगेत एक लिटरची एकेरी भिंतीची स्टीलची बाटली असते. तिच्यात गोळी विरघळते आणि ती विस्तवावरही ठेवता येते. दुहेरी भिंतीची थर्मास बाटली कधीही विस्तवावर ठेवू नका, फुटू शकते. म्हणजे खिशातल्या डबीतल्या पाण्याचं खरं उत्तर डबीच्या बाहेर निघालं. हे तयार किटच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापायला काय हरकत होती?

बाटलीवरून आठवलं: गोळी विरघळली की झाकण किंचित सैल करून थोडं पाणी आट्यांवरून वाहू द्यायचं. नाहीतर तोंड लागतं तिथेच घाण राहते.

बाकीचं भराभर सांगतो. शिट्टी आत गोटी नसलेली घ्या, ओली झाली तरी वाजते. तीन वेळा फुंकली की मदतीची हाक. पण ती डबीत नको, बॅगेच्या पट्ट्याला बांधा. हात अडकलेला असताना डबी कोण उघडणार? टॉर्चला लिथियमचा सेल घाला, अल्कलाइन पडून पडून पाझरतो. लायटरच्या जोडीला ठिणगी पाडणारी फेरोची कांडी आणि व्हॅसलिन चोळलेला कापूस. चकचकीत पातळ ब्लँकेट घ्याच, मात्र थेट जमिनीवर पडून राहिलात तर खालून ऊब जाते, अंगाखाली सुका पाला हवा. बटणाएवढं होकायंत्र मोबाइलपासून लांब ठेवा, स्पीकरच्या चुंबकाने ते बिघडतं. पातं वेगळ्या कप्प्यात ठेवलं की विमानप्रवासाआधी काढून ठेवणं सोपं जातं.

आणि गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख कुठे छापली आहे ते आधी बघा. ती हमखास एका टोकाला असते आणि आपण नेमकं दुसरं टोक डबीत ठेवतो. मी तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिली आहे, खाली स्वतःचा रक्तगटही.