तिबोटी आला!

आज सकाळी चिपळूणला मावशीच्या घरामागच्या पऱ्यावर (छोट्या ओढ्यावर) तिबोटी खंड्या दिसला. हात अजून थरथरतायत.

आधी नुसती शीळ, बारीक आणि धारदार. मग कुड्याच्या फांदीवर तो. जेमतेम १३ सेंटीमीटरचा जीव, पण रंग किती! पोट हळदीसारखं, डोक्यावर जांभळी झाक, चोच पोवळ्यासारखी लाल. चोचीत सापसुरळी होती. ती त्याने फांदीवर तीन-चारदा आपटली आणि समोरच्या दरडीतल्या बिळात शिरला. म्हणजे आत पिल्लं आहेत!

श्रीलंकेपासून सुमात्रा-बोर्निओच्या बेटांपर्यंतच्या दमट जंगलांत राहणारा हा पक्षी. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो आणि ओल्या मातीच्या दरडीत बीळ खणून घर करतो. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी.

गेल्या वर्षी वरच्या अंगाची अशीच दरड जेसीबीने ऐन पावसाळ्यात कापली. त्यात बिळं होती. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

फोटो काढला नाही. बिळासमोर माणूस उभा राहिला की तो घास घेऊन बाहेरच ताटकळतो. मावशी म्हणाली, "पिल्लं उडेस्तोवर तिकडं कुणाला फिरकू देत नाही बघ."