दर जुलैला येते

२०२३ च्या दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा ऑफिसातलं मोठं टेबल जुन्या जनरल रजिस्टरांनी भरून गेलेलं होतं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम जोरात होतं. पूर्वजांची कुणबी नोंद सापडली तर मराठ्यांना ओबीसीचा दाखला मिळणार होता, म्हणून १९४८ च्या आधीच्या, तसंच १९४८ ते १९६७ या काळातल्या कुणबी नोंदी शोधून तहसीलला कळवायच्या होत्या. आमची जिल्हा परिषद प्रशाला निजामाच्या काळातली. पहिल्या दोन वह्या उर्दूत, सन फसली. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, एवढं मला इतिहासाची शिक्षिका म्हणून माहीत. उर्दू वाचायला मात्र पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी यायचे. चष्मा कपाळावर, हातात भिंग. ते नाव वाचायचे, मग वडलांचं, मग जातीचा रकाना. बाबू लिहून घ्यायचा. मी मधल्या सुट्टीत मदतीला बसायचे आणि सवयीने मुलींची नावं शोधायचे. एका अख्ख्या वहीत एकही सापडलं नाही.

पोरं खिडकीतून बघायची. साहजिकच होतं. ऑक्टोबरात गावाच्या वेशीवर नेत्यांना गावबंदीचा फलक लागला होता, बीडमध्ये जाळपोळ झाली होती, नोव्हेंबरात अंबडला ओबीसींचा मेळावा झाला होता. दहावी 'अ' मध्ये बाक बदलले होते. जूनपासून एका बाकावर बसणारे दोघे आता दोन टोकांना. एकाच्या वहीवर 'एक मराठा लाख मराठा', दुसऱ्याच्या वहीवर ओबीसींचा पिवळा स्टिकर. मी पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

त्या दिवशी राज्यशास्त्राच्या पहिल्या पाठाची उजळणी होती, 'संविधानाची वाटचाल'. त्यात राखीव जागांचं धोरण येतं. जूनमध्ये मी तो परिच्छेद मोठ्याने वाचून घेतला होता आणि पुढे गेले होते. सकाळीच मोठ्या सरांनी मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "चाळीस मार्कांचा पेपर, त्यात ही दोन मार्कांची टीप. लिहून द्या आणि पुढे चला. सध्या दिवस बरे नाहीत." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शाळेवर दगड आला तर पंचनाम्यावर सही त्यांचीच असते.

मी खडू घेतला तोच मागून आवाज आला, "मॅडम, आमच्या पणज्याचं नाव सापडलं का रजिस्टरात?"

वर्ग हसला. मग दुसरा, हसू न देता: "मॅडम, तुम्ही कोणत्या कॅटेगरीतून लागलात?"

अठरा वर्षांत हे मला कोणी वर्गात विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "महिला. नोकरीत महिलांना ३० टक्के आहे, माहीत आहे का?" मुली खूश झाल्या. तो म्हणाला, "ते नाही मॅडम." पळवाट त्याला बरोबर कळली होती. मग मी सांगितलं. त्यांना ते माहीतच होतं. गावात मास्तरणीची जात माहीत नसते असं कुठे असतं का? इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांतले काहीजण आत्ताच माझं आडनाव शोधायला लागले असतील, आणि ते कळलं की पुढचं वाचायची त्यांना गरज उरत नाही.

टीप बाजूला ठेवली आणि फळ्यावर आकडे मांडले. अनुसूचित जाती १३, जमाती ७, ओबीसी १९, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती ११, विशेष मागास प्रवर्ग २. "बेरीज करा." बावन्न. गणितात कायम नापास होणारा एकजण उठला, "मॅडम, टीव्हीवर तर म्हणतात ५० च्या वर देता येत नाही." मी १९९२ च्या मंडल निकालाचं सांगितलं, इंद्रा साहनी खटला, ५० ची मर्यादा, राज्याचा बावन्नचा कायदा २००१ चा. "मग हे कसं?" म्हटलं, हा प्रश्न तू पुढे वकील होऊन विचार. उत्तर टाळलं, हे त्यालाही कळलं असावं. मग २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा, १६ टक्के. हायकोर्टाने टक्के कमी केले. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने कायदाच रद्द केला. इथपर्यंत वर्ग माझ्या हातात होता.

मग उत्पन्नाच्या अटी. ईडब्ल्यूएसला, म्हणजे खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांना, वर्षाच्या उत्पन्नाची अट आठ लाखांची. ओबीसीला नॉन-क्रीमी लेयरची, म्हणजे सधन गटात नसल्याची, अटही आठ लाखांचीच. "महिन्याला किती पडले?" मी विचारलं. कोणीतरी भागाकार केला: सहासष्ट हजार सहाशे सहासष्ट. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. त्या वर्षी पाऊस नव्हता, कपाशीची बोंडं बोराएवढी. सहासष्ट हजार! दोन टोकांना बसलेले ते दोघेही हसले, एकमेकांकडे बघून. मी हसले नाही. माझा पगार साधारण तेवढाच आहे.

त्यानंतर बिघडलं.

"माझ्या ताईला ८१ टक्के पडले, नंबर लागला नाही. त्याच कॉलेजात ६४ वाली बसली."
"तुझ्या घरी ट्रॅक्टर आहे की."
"कर्जाचा आहे. तू फेडतो का हप्ता?"
"आमच्या १९ मधून द्यायचं नाही, बस."
"तुमच्या? सातबारा आहे का तुझ्या नावावर?"

एकजण बाकावर उभा राहिला. वर्गाचं भांडण इतकं घरातल्या भाषेत चाललं होतं की कोण बोलतंय, पोरं का त्यांचे बाप, तेच कळेना. मी डस्टर टेबलावर आपटलं आणि जे तोंडात आलं ते बोलले: "आपल्या वर्गात आजपर्यंत कधी जात आली नव्हती. आता कुठून आली?"

खिडकीपाशी बसणारी मुलगी उठली. ती वर्गात फारशी बोलत नाही. अक्षर मोत्यासारखं, हात वर कधी नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आली होती मॅडम. दर जुलैला येते. तुम्ही शिष्यवृत्तीची यादी वाचता, आम्ही उभं राहतो."

थांबून पुन्हा म्हणाली, "पाचवीपासून. आधी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीची यादी, आता प्री-मॅट्रिक. सगळे बघतात. मग मागून म्हणतात, पैसेवाले आले."

मला आठवलं. "आधार, पासबुक, दाखला ज्यांचा राहिलाय ते उभे राहा," असं मीच म्हणते. काम पटकन होतं. एखाद्याचं बूड जड असलं तर नाव घेऊन दोनदा हाक मारते. आमच्या स्टाफरूममध्ये सगळेच असं करतात, आणि हे लिहिताना मला दिसतंय की ही सबब आहे.

कोणीच बोललं नाही. मग तिने खाली बसता बसता आणखी एक सांगितलं, अगदी साधेपणाने, जणू हजेरीत दुरुस्ती सांगावी: "आणि त्या रजिस्टरात आमच्या पणजोबांचं नाव निघणारच नाही. ते शाळेत आलेच नव्हते."

"माझा पण नव्हता आला," मागून आवाज आला. पणज्याचं नाव विचारणारा तोच. "गुरं राखायचा. बाबू म्हणाला, नोंद नाही तर प्रमाणपत्र नाही."

ती मागे वळून त्याच्याकडे बघत राहिली. तोही बघत राहिला. मला वाटलं आता कोणीतरी काही म्हणेल, मीही काहीतरी म्हणायला हवं होतं. दोन्ही पणज्यांचं न येणं एकच नव्हतं. एकाला गुरं होती म्हणून तो आला नाही, दुसऱ्याला वर्गाच्या आत बसू दिलं असतं का, हा प्रश्न होता. हे सांगायला लागणारी सात-आठ वाक्यं माझ्याकडे होती. १९०२ चा शाहू महाराजांचा ५० टक्क्यांचा हुकूमही होता. पण घंटा झाली, आणि खरं सांगायचं तर घंटा झाली म्हणून मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी दोन फोन आले. एका बापाचं म्हणणं, मी त्याच्या पोराला भर वर्गात खाली पाहायला लावलं. दुसऱ्याचं म्हणणं, मी त्यांची बाजू घेऊन आमच्या पोरांना गप्प केलं. मोठे सर दुसऱ्या दिवशी "मी सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. चहा मागवला फक्त.

मी तिला व्हरांड्यात थांबवून म्हटलं, "माझं चुकलं गं." ती ओशाळली. "तसं नाही मॅडम," म्हणाली आणि पळाली. माफी मागून तिला आणखी एकदा उभं केल्यासारखं झालं.

आठवड्याने तालुक्याहून शिष्यवृत्तीची यादी परत आली. दहावीतल्या चौघांच्या बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. या वेळी मी यादी वाचली नाही. चार चिठ्ठ्या केल्या, घडी घातल्या, आणि गृहपाठाच्या वह्या परत देताना ज्याच्या त्याच्या वहीत ठेवायच्या असं ठरवून वर्गाकडे निघाले. बाबू हसत होता: "मॅडम, चार पोरांसाठी एवढा खटाटोप?"

वर्गाच्या दारात पोचते तोच मागून शिपाईमामांनी आवाज टाकला, त्यांना बाबूने परस्पर पाठवलं होतं. आणि मॉनिटर, बिचारा मदत करायच्या उत्साहात, बाकावर हात आपटून ओरडला, "ए, स्कॉलरशिपवाले! ऑफिसात बोलावलंय!"

तिघे उठले. ती बसून राहिली, वहीत डोकं घालून. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तीही उठली.