खाडीकाठची जागा घेताना आधी भरतीरेषा बघा

कोकणात जागा बघायला आलेला माणूस समुद्र किती लांब आहे ते विचारतो. खाडीबद्दल कोणी विचारत नाही, आणि फसगत तिथेच होते. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, खाडीतूनही आत येतो, आणि कुठवर येतो ते पाण्याच्या खारटपणावर ठरतं. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत हजार भाग पाण्यात 5 भाग क्षार सापडतात तिथवर. पावसाळ्यात पाणी गोडं लागलं म्हणून निर्धास्त राहू नका.

2019 च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते अंतर धरतात. खाडी 30 मीटर रुंद असेल तर 30 मीटर. टेप मात्र पाण्याच्या कडेला लावायची नाही. मोजणी नकाशावरच्या भरतीरेषेपासून, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या रेषेपासून, होते.

खारबंधाऱ्यामागची जमीन असेल तर जास्तच जपा. बांध किंवा उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) 19 फेब्रुवारी 1991 पूर्वीची असेल तर भरतीरेषा तिथेच थांबते. पण उघाडीची फळी कुजली, खारं पाणी खाचरात शिरलं आणि तिवरं (खारफुटीची झाडं) रुजली, की तेवढी जमीन सीआरझेड 1-अ मध्ये जाते. तिथे घर होत नाही. म्हणून भरतीच्या वेळी स्वतः बांधावर जा, फळीतून पाणी झिरपतंय का बघा, आणि आतल्या चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं सरळ वर आलीत का तेही बघा. ती तिवराची.

कागदांत सातबारा, मोजणीची 'क' प्रत आणि नगररचना कार्यालयाचा झोन दाखला लागतो. मग आपला गट किनारा व्यवस्थापनाच्या 1:4000 नकाशावर बसवून घ्या. त्यावर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 4 मीटर, त्यामुळे झेरॉक्सवर पट्टी ठेवून केलेला हिशेब घराची एक खोली गिळू शकतो. रेषा गटाच्या मधून जात असेल तर घराची जागा सरकवून बघा. सगळा गट बाद झाला असं नसतं.

ग्रामपंचायतीची घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, ही समजूत फार महागात पडते. घरपट्टी हा कर आहे, परवानगी नव्हे. सीआरझेडमध्ये बांधकाम बसत असेल, तर स्वतःच्या राहण्यासाठी 300 चौरस मीटरपर्यंतच्या घराला स्थानिक प्राधिकरण मंजुरी देऊ शकतं. राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. पण ती मंजुरी लेखी आणि चौथऱ्याचा पहिला दगड बसण्याआधी हातात हवी.