तुम्ही विचारलंत म्हणून: कुऱ्हाडीचा रोज

नाशकात गंगापूर रोडला कुणाच्या नव्या बंगल्यात गेलो आणि बोलता बोलता निघालं की माझा बा सुरगाण्याकडे कूप तोडायला जायचा, की प्रश्न ठरलेला: ‘सागाला केवढा भाव! मग तुमच्याकडे पैसा कसा नाही झाला?’ विचारणाऱ्याचा हात बहुधा सागवानी दरवाजावरच असतो.

कूप म्हणजे चोरटी तोड नव्हे, हे आधी सांगावं लागतं. वनखात्याने आखून दिलेला जंगलाचा तुकडा, तोडही खुणेबरहुकूम. झाड जमिनीलगत तोडायचं आणि खुंटाचा माथा तिरका, गुळगुळीत ठेवायचा. त्यावर पाणी साचलं की खुंट कुजतो, धुमारे फुटत नाहीत. तोडून झालं की बा खुंटावरून तळहात फिरवायचा. कुसळ लागलं तर पुन्हा कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा धामण झाडाच्या लाकडाचाच, कारण ते लवतं, हाताला झटका बसत नाही. एवढं कसब, आणि वहीत नोंद ‘मजूर’.

आजोबांच्या वेळी कूप ठेकेदार घ्यायचा. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल द्यायची, दिवाळीनंतर कामातून कापून घ्यायची. ती कधी फिटायचीच नाही. या ठेकेदाराला बाजूला सारायला 1947च्या सुमारास मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू केल्या. बा पुढे एकीचा सभासद झाला. शेअरची पावती पत्र्याच्या पेटीत होती, पण अंगठा कशाकशावर उठवला ते त्याला वाचता येत नव्हतं. तोडणारा हा, घनमीटर मोजणारा दुसरा, लिलावात बोली लावणारा तिसराच. नफ्यातून म्हणून एका दिवाळीला पितळी तांब्या आला, तेवढा मला आठवतो. ओंडका घरंगळून पायावर आला त्या साली बा दोन महिने घरी होता, म्हणजे दोन महिने रोज बंद. ‘नुकसानभरपाई’ हा शब्द मी नाशकात आल्यावर ऐकला.

12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे वनखात्याच्या तोडीच्या आराखड्याशिवाय, जंगलातलं झाड तोडायला बंदी केली. जंगलाचं त्यात भलंच झालं असेल, मी नाही म्हणत नाही. आमच्याकडे मात्र काम आटलं आणि आई-बा पिकअपमध्ये उभं राहून दिंडोरीला द्राक्षबागेत जायला लागले. कुऱ्हाडीला बसलेला हात. घडातले जादा मणी काढायची, विरळणीची कात्री त्यात मावेना. भलतेच मणी गळायचे, मालकाची बोलणी बसायची. 2006च्या वनहक्क कायद्याने मोह, तेंदू, बांबूवर हक्क दिला. इमारती लाकूड त्यात नाही.

एकदा बाला असाच एक दरवाजा दाखवला. नखाने खरवडून त्याने वास घेतला. ‘साग हाय, पण आपल्याकडला न्हाय.’ मालक हसले. लाकूड आफ्रिकेतून आलेलं होतं.

बाने विचारलं, ‘तिकडं तोडणाऱ्याला रोज काय देतात?’