आमची वाटचाल : कॅमेऱ्याकडून ऑर्गनकडे

आमचं पहिलं ऑफिस म्हणजे रत्नागिरीत काकांच्या घराची पडवी. लग्नाची शूटिंगं केली, आंबा बागायतदारांच्या जाहिराती केल्या, मुंबईहून येणाऱ्या युनिटना लोकेशनं दाखवली. पुढे हिंमत करून स्वतःचा एक चित्रपट काढला. त्यात घातलेले पैसे सुटायला तीन वर्षं लागली, पण सुटले.

त्या चित्रपटातली गाणी गावातल्याच मुलामुलींनी म्हटली होती. गणपतीत आरती झाली की लोक त्यांना समोर बसवून तीच गाणी म्हणायला लावत. तेव्हा वाटलं, गळे इथलेच, कानही इथलेच, मग संगीत नाटक का नको? दीनानाथ मंगेशकर नाटकातून चित्रपट काढायला गेले आणि त्यात त्यांना मोठा फटका बसला. आम्ही उलट्या वाटेने निघालो होतो, भीती तेवढीच होती.

नाटक निवडलं देवलांचं 'संगीत शारदा', १८९९ सालचं. देवल १९१६ साली गेले, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नव्हता. कपडेपट, नेपथ्य, प्रकाश यांत चित्रपटाचा अनुभव कामी आला. चुकलो ते संगीतात. सिनेमाच्या सवयीने सगळी साथ स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतली. स्वस्त पडेल आणि बिनचूक होईल, हा माझाच हट्ट.

सावरकर नाट्यगृहातला पहिला प्रयोग. शारदेचं पद संपलं आणि मागच्या रांगांतून 'वन्समोअर' आला. ती मुलगी हसून परत सुरुवातीला वळली, पण ट्रॅक पुढच्या प्रवेशाच्या संगीतावर गेला होता. ती तोंड अर्धवट उघडं ठेवून विंगेत माझ्याकडे बघत राहिली. लोकांनी सांभाळून घेतलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण माझ्या हिशेबामुळे तिच्या हातून तिचा क्षण गेला होता.

उत्तर घराजवळच होतं. लहानपणापासून जत्रेत दशावतार बघतोय. तिथे पेटी, पखवाज आणि झांजवाले बाजूच्या बाकड्यावर बसतात आणि त्यांची नजर सतत नटाच्या तोंडाकडे असते. नट थांबला की तेही थांबतात. लिहिलेली संहिता नसतानाही रात्रभर खेळ रंगतो तो त्या नजरेवर. दुसऱ्या प्रयोगापासून आम्ही ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या कडेला आणून बसवला.

त्याने खर्च वाढला, हे खरंच. चित्रपट एकदा एडिट झाला की झाला. नाटकाचं तसं नाही. दर प्रयोगाला नटांची, वादकांची नाईट म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन द्यावं लागतं, टेम्पो लागतो, नाट्यगृहाचं भाडं असतंच. कुडाळ, कणकवली, चिपळूण असा दौरा लागोपाठ लागला तरच गणित जमतं. म्हणून त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या तारखा आम्ही पावसातच धरून ठेवतो. चित्रपटाची कामं बंद केलेली नाहीत, नाटकाचा पहिला दौरा त्यांच्याच पैशांवर उभा राहिला.

इथल्या खाऱ्या, दमट हवेत ऑर्गनच्या स्प्रिंगा गंजतात आणि तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, पावसात सैल पडून सूर उतरतो. लेन्सवर बुरशी धरू नये म्हणून आमच्या कपाटात पूर्वीपासून बारीक दिवा जळत असतो. आता खालच्या कप्प्यात तबला-डग्गा असतो. ऑर्गनसाठी शेजारी सुताराकडून नवीन कपाट करून घेतलंय, त्यातही तसाच दिवा लावलाय. तालीम अजून काकांच्या पडवीतच चालते आणि काकू दर पदानंतर चहा आणतात.