तुम्ही विचारलंत म्हणून : चंद्राच्या फोटोला कॅमेरा कोणता?

"चंद्राच्या कलांचे फोटो काढायचेत, कॅमेरा कोणता घेऊ?" इंदुरात हा प्रश्न बहुधा कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी येतो, आणि सोबत मोबाइलवर काढलेला एक पांढरा गोळा येतो. उत्तर त्या गोळ्यापासूनच सुरू करावं लागतं.

चंद्र म्हणजे उन्हात पडलेला खडक. इथे रात्र असली तरी तिथे दिवस आहे. कॅमेऱ्याचं मीटर मात्र चौकटीतलं काळं आकाश मोजतं, शटर जास्त वेळ उघडं ठेवतं आणि चंद्र जळून पांढरा होतो. म्हणून ऑटो बंद करा. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) २०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप) एफ/८ ठेवून पौर्णिमेला शटर १/४०० सेकंद, शुद्ध दशमीला १/२००, अष्टमीला १/१००, तृतीयेला १/३०. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर दुप्पट-चौपट वेळ द्या. हे आकडे सुरुवातीपुरते. एक पायरी वर, एक खाली (शटरची वेळ दुप्पट आणि निम्मी) असे आणखी दोन फोटो घ्याच. अर्धा चंद्र म्हणजे निम्मा प्रकाश, असा पुष्कळांचा समज असतो. खरं तर तो पौर्णिमेच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो, कारण ऊन तिरपं पडतं आणि खड्ड्यांच्या सावल्या लांबतात.

आता कॅमेरा. लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला) ११० ने भागलं की सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, चंद्र किती मिलिमीटरचा येईल ते कळतं. ३०० मिमी लेन्सवर पावणेतीन मिमी; २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात तो साधारण ७०० पिक्सेल रुंद होतो. छंदाला हे पुरेसं आहे. जुना, वापरलेला कॅमेरा आणि ७०-३०० लेन्स चालेल. पैसे उरले तर जड ट्रायपॉडवर घाला. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात चंद्र तीसेक पिक्सेलचाच येतो, म्हणून दुर्बिणीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाइल लावणं बरं. काही फोन चंद्र ओळखून तपशील स्वतःच भरतात. तो फोटो तुमचा म्हणायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

कोजागिरीचा चंद्र दुधात बघावा, फोटोला तो सपाट. ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात; टायको या खड्ड्याभोवती पसरलेले पांढरे किरण तेवढे छान दिसतात. खरी मजा उजेड-अंधाराच्या सीमेवर असते. शुद्ध षष्ठीला तिथे थिओफिलस हा खड्डा असतो, अष्टमीला टॉलेमियस, दशमीला कोपर्निकस, ९३ किलोमीटर रुंद. म्हणून हवामानाच्या अ‍ॅपइतकंच पंचांग जवळ ठेवा. एक तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर, तेव्हा अचूक अर्धा चंद्र ९० अंशांना, म्हणजे अष्टमीच्या मध्यावर येतो. कॅलेंडरवरची तिथी सूर्योदयाची असते, संध्याकाळी पुढची लागलेली असू शकते. समाप्तीची वेळ बघा. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ मुंबईची छापलेली असेल तर इंदूर तीन अंश पूर्वेला आहे हे लक्षात घ्या. चंद्र सरासरी बारा मिनिटं आधी उगवतो. तो किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्यावर हा फरक कमी-जास्त होतो.

कलांच्या फोटोंची मालिका भाऊबीजेपासून सुरू करा. ओवाळायला नाही तरी सगळे गच्चीवर येतातच. पावसाळा सरलेला असतो, फक्त फटाक्यांच्या धुरामुळे पश्चिमेची कोर तांबूस येते. अंधाऱ्या भागावरचा पृथ्वीप्रकाश (पृथ्वीवरून परतून पडलेला उजेड) हवा असेल तर आयएसओ ८००, एफ/५.६ आणि एक सेकंद. त्याहून जास्त नको. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो. (भाद्रपद शुद्ध चतुर्थीची चौकट आजीच्या घरात रिकामी राहणार, ते धरून चाला.)

बहुतेक फोटो गच्चीवरच बिघडतात. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून चंद्राच्या कडेवर, मग मॅन्युअलवर. एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब उभे राहा. चैत्र-वैशाखात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि चंद्राची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरते, अकरानंतर बरं. एकाच फोटोवर विसंबू नका. पन्नासेक काढा आणि ऑटोस्टाकर्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यातले चांगले एकत्र करा. मार्गशीर्ष पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. तिथे बॉलहेड (ट्रायपॉडचा फिरता सांधा) घसरतो आणि मानही मोडते. दोन तास आधी काढलेलं बरं.

वद्य पक्षात उठावं लागतं, वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. शिवाय आपल्या अक्षांशावर उगवतीपासून मावळतीपर्यंत चंद्राचा चेहरा सुमारे १३० अंश फिरतो, म्हणून शेजारी मांडताना फोटो फिरवून जुळवावे लागतात. सगळे एकाच फोकल लेंग्थवर काढा आणि लहान-मोठे करू नका. चंद्र जवळ-लांब होतो तो फरक खरा आहे. एवढं करूनही मेअर क्रिसियम हा काळा डाग एका फोटोत कडेला टेकलेला आणि दुसऱ्यात आत सरकलेला दिसेल. चंद्र किंचित डुलतो, त्यामुळे तसं होतं. ते जुळवत बसू नका.