जिभेला वळण

अमराठी कलाकारांना मराठी उच्चार शिकवणं हे माझं काम. परवाची शिफ्ट मात्र डोक्यातून जात नाही.

मुलगी गुणी. नुसत्या डोळ्यांनी प्रसंग उचलून धरते. अडलं ते एका वाक्यावर: 'मला या जगात जगायचंय.' दोन्ही 'ज' ती एकसारखेच म्हणत होती. जगातल्या 'ज'ला जीभ टाळूला लागते, जगण्यातल्याला दातांमागे. लिहिण्यात फरक दिसत नाही आणि आपल्याला तो कुणी शिकवलेलाही नसतो. सतरा टेक झाले. काचेपलीकडून आवाज आला, "राहू द्या मॅडम, दुसरीचा आवाज लावू." तिनं हेडफोन काढले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

चहा घेताना मी तिला सुलोचनाबद्दल सांगितलं. आपल्या सुलोचनादीदी नव्हेत, त्यांच्या आधीची, मूकपटांतली. मूळ नाव रूबी मायर्स, पुण्यात जन्मलेली, बगदादी ज्यू घरातली. टेलिफोन ऑपरेटर होती, म्हणजे आवाजावरच पोट होतं! तिथून ती इंपीरियल फिल्म कंपनीची सर्वांत मोठी तारका झाली. १९२७च्या एका मूकपटात तिनं आठ भूमिका केल्या. मग १९३१ साली त्याच कंपनीनं 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट काढला आणि नायिका झाली जुबेदा. सुलोचनाला हिंदुस्तानी धड बोलता येत नव्हतं. उसन्या आवाजाची सोयही नव्हती. संवाद चित्रीकरणातच ध्वनिमुद्रित होत. शेजारून आगगाड्या जायच्या म्हणून 'आलम आरा'चं काम रात्री चाले.

"मग तिनं काय केलं?"

"वर्षभर काम थांबवून भाषा शिकली. १९३२ साली स्वतःच्याच 'माधुरी' मूकपटाच्या बोलपटातून परत आली. पुढे 'अनारकली'ही पुन्हा केला, बोलून."

आज आवाज बदलणं सोपं झालंय, म्हणून आपण फार लवकर हार मानतो. ज्या अंगात प्रसंग भिनलाय त्याच गळ्यातून शब्द यावा, असं मला मनापासून वाटतं. हेच सांगून मी अर्धा तास मागून घेतला.

"आधी 'दगड' म्हण," मी म्हटलं. "जीभ कुठे टेकली? तिथूनच 'जगायचंय' काढ." दगड, जगायचंय. दगड, जगायचंय. डोळे मिटून ती पुटपुटत राहिली. मग माइकसमोर गेली आणि वाक्य असं आलं, की काचेपलीकडे कुणी काही बोललंच नाही.

अजून तीन प्रसंग बाकी आहेत. त्यात 'डोळे' आहे, आणि तिचा 'ळ' अजून 'ल'च येतो. उद्या नऊला बोलावलंय.